काचबिंदू आणि बदलता प्रकाश

काचबिंदू झालेल्या डोळ्याला उजेडातून अंधारात, अंधारातून उजेडात किंवा नुसत्या मंद उजेडात वावरताना येणारी अडचण. काचबिंदूत दृष्टितंत्रिकेचे तंतू हळूहळू नष्ट होतात आणि दृष्टिक्षेत्र उणे होत जाते. डोळ्यातील दाब, त्याची मोजणी व नेहमीचे उपचार वाचकांना सर्वसाधारणपणे परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही.

रुग्णाला काळ्या बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसते, असे चित्र माहितीपत्रकांतून वर्षानुवर्षे छापले जाते. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५० रुग्णांना निरनिराळी चित्रे दाखवली, तेव्हा काळा बोगदा किंवा काळे डाग असलेले चित्र एकानेही आपले म्हणून निवडले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत रुग्णांनी सर्वाधिक सांगितलेल्या तक्रारी दोनच निघाल्या : जास्त उजेड लागतो आणि धूसर दिसते. तरीही प्रकाशाशी निगडित तक्रारींना पाठ्यपुस्तकांत बहुधा एखादाच परिच्छेद मिळतो.

पुण्यात उजेडातून अंधारात जाण्याचा हा बदल जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्यात चांगला अनुभवता येतो. बेसाल्टमध्ये कोरलेले हे लेणे सामान्यतः आठव्या शतकातील, राष्ट्रकूट काळातील मानले जाते. उन्हाळ्यातील दुपारी अंगणातल्या गोल नंदिमंडपापाशी एक लाख लक्सच्या (प्रकाशमापनाचे एकक) आसपास प्रकाश असतो. चौकोनी खांबांची ओळ ओलांडून गाभाऱ्याकडे वळले की तो शेकडो पटींनी उतरतो. निरोगी डोळ्याला खांबांच्या कडा काही क्षणांत दिसू लागतात. काचबिंदूचा रुग्ण मात्र पहिल्या खांबापाशी थबकतो, हाताने दगड चाचपतो आणि पायाने फरशीचा अंदाज घेत पुढे सरकतो. दर्शन घेऊन बाहेर येताना त्याचे डोळे दिपतात, तेव्हा पुन्हा तेच. जुन्या वाड्यांची देवडी व माजघर, कडेला रंगाची पट्टी नसलेले शहाबादी फरशीचे जिने आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोचे मंडई वा स्वारगेट येथील प्रवेशमार्ग येथेही असाच अनुभव येतो.

कारणमीमांसा : प्रकाशाशी जुळवून घेण्याचे काम डोळ्यात तीन ठिकाणी चालते. बाहुली लहानमोठी होते. पण दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत गेली तरी आत येणारा प्रकाश सोळा पटच बदलतो. बाकीचा भार दृष्टिपटलावरील (डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील) शंकू (भरपूर उजेडात काम करणारे) व शलाका (मंद उजेडात काम करणाऱ्या) या प्रकाशग्राही कोशिका आणि त्यांच्यापुढील चेताजाल उचलते. अंधारात शंकूंचे अनुकूलन साधारण दहा मिनिटांत, तर शलाकांचे तीस ते चाळीस मिनिटांत पूर्ण होते. मॅक्स शुल्त्से याने १८६६ मध्ये शंकू व शलाका यांच्या कामाची वाटणी मांडली आणि फ्रांत्स बोल याने १८७६ मध्ये शलाकांतील रंगद्रव्य प्रकाशाने फिके पडते हे दाखवले. या दोन शोधांनंतर अनुकूलन म्हणजे प्रकाशग्राही कोशिकांचे रसायन, असे समीकरण बराच काळ रूढ होते.

काचबिंदू या समीकरणात नीट बसत नाही. त्यात प्रथम मरतात त्या गुच्छिका कोशिका. शंकू-शलाकांकडून आलेला संदेश गोळा करून मेंदूकडे धाडणाऱ्या या कोशिका सुमारे दहा ते बारा लाख असतात. प्रकाशग्राही कोशिका शाबूत असतील, तर उजेडाशी जुळवून घेण्यात अडचण का यावी? याबाबत अभ्यासकांत तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार दोष वरवरचा, म्हणजे प्रकाशकीय आहे : औषधाने आखडलेली बाहुली आणि उतारवयात सोबत येणारा मोतीबिंदू यांमुळेच उजेड अपुरा पडतो. दुसरे मत प्रकाशग्राही कोशिकांकडे बोट दाखवते. दीर्घकालीन काचबिंदूत त्यांना सूज येते व त्यांतील काही नष्ट होतात, असे २००० च्या सुमारास ऊतींच्या तपासणीवरून मांडले गेले. त्याआधीच्या काही तपासण्यांत मात्र त्यांची संख्या घटलेली आढळली नव्हती. दृष्टिपटलाच्या विद्युत् आलेखातील प्रकाशग्राही कोशिकांचा भाग काचबिंदूत बव्हंशी टिकून राहतो, हेही या मताच्या विरोधात जाते.

तिसऱ्या मतानुसार दोष गुच्छिका कोशिकांच्या पातळीवरच आहे. मंद प्रकाशात अनेक शलाकांचा क्षीण संदेश एका गुच्छिका कोशिकेत एकवटतो. ही एकवटणारी टोकेच विरळ झाली की भरपूर उजेडात भागते, मंद उजेडात भागत नाही. जाड तंतूंच्या मोठ्या कोशिका आधी जातात, असे १९८० च्या दशकात मांडले गेले होते. हालचाल व फिकट छटांमधील फरक टिपण्याचे काम याच कोशिकांकडे असल्याने ही मांडणी प्रकाशाच्या तक्रारींशी जुळणारी वाटली. मरण्याआधी कोशिका आकसतात, त्यामुळे मोठ्या कोशिका कमी झाल्याचा केवळ भास होत असावा, असा आक्षेप त्यावर आहे. मोठ्या कोशिकांचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी तिसरे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक सुसंगत दिसते. पहिले मत पूर्णपणे टाकून देता येत नाही, एवढेच.

दृष्टिपटलाची रचनाही तिसऱ्या मताला दुजोरा देते. नजरेच्या अगदी मध्यबिंदूत शलाका नसतात. त्या सर्वांत दाट असतात ते मध्यापासून सुमारे १५ ते २० अंशांवर. डॅनिश नेत्रतज्ज्ञ यानिक ब्येरूम याने १८८९ मध्ये वर्णन केलेला काचबिंदूचा कमानीसारखा अंधभाग बहुधा याच पट्ट्यात पडतो. उलट मध्यभागाची नजर शेवटपर्यंत टिकते. म्हणजे काचबिंदू जे ओरबाडतो तेच अंधारात उपयोगी असते आणि जे राखतो ते अंधारात निकामी. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूस संध्याकाळी वीज गेल्यावर घरातल्या घरात का धडपडतो, याचा उलगडा यातून होतो.

काही थोड्या गुच्छिका कोशिका स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांतील मेलॅनॉप्सिन हे निळ्या प्रकाशाला संवेदनशील द्रव्य १९९८ मध्ये प्रथम वर्णिले गेले. बाहुलीची प्रतिक्रिया बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असल्याने वाढलेल्या काचबिंदूत निळ्या प्रकाशाला बाहुली कमी प्रतिसाद देते.

तपासणी : फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्राची मोजणी, मंद, पण स्थिर प्रकाशात घेतली जाते. नेत्रतज्ज्ञ गोल्डमान याच्या १९४५ च्या परिमापकापासून (दृष्टिक्षेत्र मोजण्याचे यंत्र) पार्श्वभूमीचा उजेड ३१·५ अपोस्टिल्ब (उजळपणाचे जुने एकक) ठरून गेला असून आजची संगणकीय यंत्रेही बहुधा तोच पाळतात. डोळा त्या उजेडाला सरावलेला असतो, त्यामुळे उजेड बदलतानाची अडचण अहवालात उमटत नाही. 'रिपोर्ट चांगला आहे' आणि 'मला जिना दिसत नाही' ही दोन्ही वाक्ये म्हणूनच एकाच वेळी खरी असू शकतात. सेंट लुईस येथील २०१३ च्या अभ्यासात वृद्धांची नजर दवाखान्यापेक्षा घरी कमी भरली आणि त्याचे मुख्य कारण घरातला अपुरा उजेड हे निघाले.

औषधांचा परिणाम : लुडविग लाक्युअर व अडोल्फ वेबर यांनी १८७६-७७ च्या सुमारास बाहुली आखडणारे थेंब काचबिंदूसाठी वापरात आणले. वेबरचे पायलोकार्पिन शंभर वर्षे प्रमुख औषध होते. पाच मिलिमीटरची बाहुली दोनवर आली की आत जाणारा प्रकाश सव्वासहा पट घटतो. साहजिकच रात्री कमी दिसण्याची तक्रार हे थेंब घालणाऱ्यांत नेहमीचीच होती. १९७८ नंतर टिमोलॉल व १९९६ नंतर लॅटॅनोप्रॉस्ट हे बाहुली न आखडणारे थेंब प्रचारात आल्यावर ती तक्रार मागे पडली.

बंद कोनाचा काचबिंदू : येथे प्रकाशाचा संबंध उलट दिशेने येतो. अंधारात बाहुली अर्धवट मोठी झाली की डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याच्या वाटेवरचा अरुंद कोन बंद होऊन दाब एकाएकी चढू शकतो. नाट्यगृहातून किंवा चित्रपटगृहातून बाहेर पडताना डोळा ठणकणे, उलटी होणे व दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे हे त्याचे जुने, पाठ्यपुस्तकी वर्णन. स्वच्छमंडलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) सूज आल्याने कडी दिसतात. त्यांत निळा रंग आत व लाल बाहेर असतो. मोतीबिंदूतही कडी दिसतात, परंतु बारीक फट डोळ्यासमोरून सरकवली असता त्या तुकड्यातुकड्यांत दिसतात, तर काचबिंदूतील अखंड राहतात. गणेशोत्सवाच्या रोषणाईत दिवे फुटल्यासारखे दिसले म्हणून लगेच काचबिंदू समजण्याचे कारण नाही. मात्र कड्यांबरोबर डोळा दुखत असेल, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी लागते.

अंधारात कमी दिसते म्हणून रुग्ण पुष्कळदा या तक्रारीला रातांधळेपणा म्हणतात. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा आनुवंशिक दृष्टिपटलविकाराने येणाऱ्या रातांधळेपणात शलाकाच बिघडतात, म्हणून तो यापासून वेगळा.

काचबिंदूच्या भारतातील पाहण्या प्रामुख्याने दक्षिणेकडील व पश्चिम बंगालमधील असून महाराष्ट्रातील मोठी पाहणी नागपूरजवळच्या खेड्यांत झाली. चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असल्याचा २०१० मधील अंदाज आहे. पुण्यात ससून रुग्णालय, तसेच पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय येथे उपचार होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असल्यास अल्पदृष्टी व १० अंशांहून कमी असल्यास अंधत्व धरले जाते. मंद प्रकाशातील दृष्टीसाठी त्यात वेगळे माप नाही.