गड्डा कापला तरी श्वास चालूच

विदर्भ म्हटलं की कापूस, सोयाबीन, संत्री. पण हिवाळ्यात कळमेश्वर, सावनेरकडे गेलात तर ओलिताच्या वावरांत फुलकोबी आणि पानकोबी जोमात उभी दिसेल. हा माल नागपूरच्या बाजारात जातो आणि भाव कोसळला की ढोरांपुढे पडतो. मग हाच माल आखाती देशांत का जाऊ नये? जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी या भाजीचा स्वभाव कळायला हवा.

फुलकोबी, पानकोबी, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी एकाच प्रजातीची रूपं आहेत. फुलकोबीचा पांढरा गड्डा म्हणजे फूल होता होता अडलेल्या असंख्य कोंबांचा गठ्ठा, तर ब्रोकोलीचा गड्डा खऱ्या, न उमललेल्या कळ्यांचा. गड्डा कधी धरायचा हे तापमान ठरवतं. उशिरा येणाऱ्या स्नोबॉल गटातल्या वाणांना त्यासाठी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस लागतं. आपल्याकडचे लवकर येणारे वाण २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात. लवकरचा वाण उशिरा लावला तर बटणाएवढे गड्डे येतात, आणि उशिराचा वाण लवकर लावला तर नुसता पालाच वाढत राहतो. विदर्भाची थंडी थोडक्या महिन्यांची, म्हणून वाण आणि लावणीची तारीख यांची सांगड इथे फार महत्त्वाची.

गड्डा मुठीएवढा झाला की जाणते शेतकरी आतली पानं त्याच्यावर मोडून झाकतात. ऊन लागलं की तो पिवळा पडतो आणि निर्यातीच्या निवडीत बाजूला निघतो. दुसरी अडचण जमिनीची. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य असलं तरी मुळांना नीट मिळत नाही. दांडा उभा चिरून पाहा. आत तपकिरी पोकळी दिसली तर बोरॉनची शंका घ्यावी आणि माती-पानं तपासून घ्यावीत.

खरी कसोटी मात्र विळा लागल्यानंतर सुरू होते. कापलेला गड्डा जिवंतच असतो. तो साखर जाळतो, उष्णता सोडतो, पाणी गमावतो. ब्रोकोलीचा श्वसनवेग शून्य अंशापेक्षा २० अंशांना दहा पटींहून जास्त असतो, म्हणून उन्हात चार तास पडलेला माल मुंबईला पोहोचण्याआधीच म्हातारा झालेला असतो. शून्य अंशाजवळ, ९५ टक्के आर्द्रतेत ब्रोकोली दोन-तीन आठवडे टिकते आणि घट्ट पानकोबी त्याहून कितीतरी जास्त. शिवाय पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ब्रोकोलीच्या कळ्या पिवळ्या पडतात, तेव्हा तिला फळांच्या गाडीत कधीच घालू नये.

युरोपचा दरवाजा आणखी अरुंद आहे. ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच चालतो. आणि कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग औषधांना लवकर दाद देईनासा होतो. १९५३ मध्येच इंडोनेशियातल्या जावा बेटावर तो डीडीटी या कीटकनाशकाला पुरून उरल्याची नोंद झाली. दर आठवड्याला फवारणी वाढवत नेली तर कीडही जाणार नाही आणि मालही परत येईल. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दिलेला उपाय मला जास्त पटतो: कोबीच्या दर २५ ओळींच्या दोन्ही बाजूंना मोहरी. एक ओळ लावणीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. मोहरी कोबीच्याच कुळातली, त्यामुळे पतंग अंडी घालायला तिच्याकडे वळतो आणि फवारणी तेवढ्या ओळींवर करून भागतं.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई अंतर वेळेच्या हिशेबात कमी केलं, हे चांगलंच झालं. पण मालातली उष्णता रस्ता काढून घेत नाही. ती वावराजवळच्या पूर्वशीतन खोलीतच, म्हणजे गाडीत भरण्याआधी माल थंड करणाऱ्या खोलीतच, निघायला हवी, आणि अशी खोली शेतकरी गटाने मिळून उभारणं शक्य आहे. तोवर पहाटे कापणी करावी, माल लगेच सावलीत न्यावा आणि निर्यातीची सुरुवात पानकोबीपासून करावी. ब्रोकोलीला हात खोली चालू झाल्यावरच घालावा.