गार्सिया, मार्सेलो

गार्सिया, मार्सेलो : (१७ जानेवारी १९८३). ब्राझिलियन जिउ-जित्सूचे (प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणून, गळा आवळून वा सांधे पिळून हार मानायला लावणारा कुस्तीसारखा खेळ) खेळाडू व प्रशिक्षक. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील फॉर्मिगा या गावी जन्म. पोर्तुगीजमध्ये ‘फॉर्मिगा’ म्हणजे मुंगी. पुढे शंभर किलोंच्या मल्लांशी झुंजणाऱ्या मध्यम वजनाच्या या खेळाडूला हे गाव योगायोगानेच शोभून दिसते.

लहानपणी ज्यूदो, मग किशोरवयात जिउ-जित्सू असा त्यांचा प्रवास झाला. चांगल्या तालमीसाठी ते घर सोडून पोसोस दे काल्दास येथे पाउलो रेझेंदे यांच्याकडे राहिले आणि तेथून साओ पाउलोला अलायन्स संघाच्या फाबियो गुर्जेल यांच्याकडे गेले. काळा पट्टा त्यांना गुर्जेल यांनीच दिला.

नाव झाले ते २००३ मध्ये. अबू धाबी कॉम्बॅट क्लबची (एडीसीसी) जागतिक स्पर्धा त्या वर्षी साओ पाउलोत होती. या स्पर्धेत ‘गी’ म्हणजे जाड सुती अंगरखा नसतो, त्यामुळे पकडायला कापड नसते. पात्रता फेरी गार्सियांना जिंकता आली नव्हती. ऐनवेळी जागा रिकामी झाली म्हणून त्यांना उतरवण्यात आले. वय २०. त्यांनी जिउ-जित्सूतील प्रसिद्ध ग्रेसी घराण्याचे रेंझो ग्रेसी यांना हरवले आणि विटॉर ‘शाओलिन’ रिबेरो या नावाजलेल्या खेळाडूच्या पाठीवर चढून काही सेकंदांतच गळा आवळून त्याला बेशुद्ध केले. ७७ किलोंखालील गटाचे सुवर्णपदक त्यांनी घरी नेले. त्या गटात २००५, २००७ आणि २०११ मध्येही ते विजेते ठरले. २००९ मध्ये बार्सिलोनात पाब्लो पोपोविच यांच्याकडून अंतिम लढत हरले. गी घालून खेळल्या जाणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मध्यम वजनी गटाची पाच विजेतेपदे (२००४, २००६, २००९, २०१०, २०११) त्यांच्या नावावर आहेत.

पदकांपेक्षा त्यांचा खेळच अधिक अभ्यासला जातो. आपल्याकडच्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. जिउ-जित्सूत पाठ टेकलेल्याची लढत तेथून पुढे सुरू होते. खालून पायांनी प्रतिस्पर्ध्याला रोखून धरण्याच्या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. गार्सिया बहुधा बसूनच खेळत. दोन्ही पावले समोरच्याच्या मांड्यांच्या आतून अडकवायची (बटरफ्लाय गार्ड), त्याचा एक हात झटक्यात आडवा ओढायचा आणि बगलेतून मागे जायचे. समोरचा उभा राहिला, तर थेट त्याच्या खाली शिरायचे. त्याच्या एका पायावर आपल्या दोन्ही पायांची फुली घालायची, दुसरा पाय खांद्यावर घ्यायचा. मग उभा माणूस कितीही वजनदार असो, त्याचा तोल खालच्याच्या हाती येतो. हा ‘एक्स गार्ड’. तो प्रचारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने गार्सियांना दिले जाते.

पाठीवर गेल्यावर एक हात खांद्यावरून, दुसरा काखेतून, आणि दोन्ही पंजे छातीवर जुळवलेले. गाडीतल्या पट्ट्यासारखी दिसणारी ही पकड ‘सीटबेल्ट’ म्हणूनच ओळखली जाते. तेथून ‘माता लेआँव’, म्हणजे सिंहाला मारणारा गळफास. यांतल्या एकाही डावाला कापड लागत नाही आणि सगळी खुबी इथेच आहे. कॉलर-बाहीवर बेतलेले डाव गी काढताच निरुपयोगी होतात, म्हणून गार्सियांनी गी घातलेला असतानाही शरीराचीच पकड घेण्याची सवय ठेवली. दोन वेगवेगळ्या खेळांची तयारी त्यांना कधी करावी लागली नाही.

वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटातही ते उतरत. एडीसीसीच्या या गटात २००५ मध्ये त्यांनी कांस्य आणि २००७ मध्ये रौप्यपदक मिळवले. त्या वर्षीची अंतिम लढत त्यांच्याहून कितीतरी थोराड असलेल्या रॉबर्ट ड्रायस्डेल यांनी जिंकली. मिश्र मार्शल आर्ट्सचा (ठोसे, लाथा व कुस्ती सगळे चालणारा लढतीचा खेळ) अनुभव मात्र एकाच लढतीत आटोपला. २००७ मध्ये दक्षिण कोरियात जखमेमुळे लढत थांबवली गेली व ते हरले.

२००९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात त्यांनी स्वतःची शाळा उघडली. भागीदार होते जॉश वेट्झकिन : बालपणीच गाजलेले अमेरिकी बुद्धिबळपटू, नंतर ताई ची पुश हँड्सचे (समोरच्याचा तोल घालवण्याची चिनी झुंज) विश्वविजेते आणि गार्सियांचे काळा पट्टा मिळवलेले शिष्य. शाळेतला रोजचा सराव, गार्सियांच्या स्वतःच्या झुंजींसह, चित्रित करून ते वर्गणीदारांसाठी इंटरनेटवर ठेवू लागले. तेव्हा गार्सिया अजून स्पर्धांत खेळत होते! ठेवणीतला डाव झाकून ठेवण्याची रीत जगातल्या कुठल्याही तालमीत असते. इथे प्रतिस्पर्ध्याला पैसे भरून सगळे पाहता येत होते. जो माझा खेळ अभ्यासेल तो माझ्या मैदानात येऊन खेळेल, असा त्यामागचा हिशेब. २००९ ते २०११ ची सलग तीन जागतिक विजेतेपदे पाहता तो चुकला असे म्हणता येत नाही.

या शाळेत सराव केलेल्यांपैकी बर्नार्डो फारिया यांनी २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेचा खुला गट जिंकला, तर मातेउस दिनिझ २०१९ मध्ये एडीसीसीच्या ८८ किलोंखालील गटात विजेते झाले. ताकदीसाठी वेगळा व्यायाम न करता मॅटवरच्या झुंजींतूनच अंग तयार करावे, हे गार्सियांचे मत. आजच्या वजने उचलणाऱ्या पिढीत ते फारसे पाळले जात नाही.

२०११ नंतर ते स्पर्धेतून निवृत्त झाले आणि पुढे हवाईला स्थायिक झाले. तेथे त्यांना जठराचा कर्करोग झाला. केमोथेरपी व शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले. २४ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ४२व्या वर्षी, बँकॉकमध्ये ‘वन चॅम्पियनशिप’ या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या मंचावर ते पुन्हा उतरले. समोर होते पायांचे सांधे पिळण्यात तरबेज असलेले जपानचे मासाकाझू इमानारी. गार्सिया त्यांच्या डोक्याच्या बाजूने छातीवर आडवे झाले, गळ्याभोवती एक हात घातला आणि आवळत नेला. इमानारींनी हार मानली.