खोपेश: देवळाच्या भिंतीवरची आणि आजच्या बाजारातली

प्राचीन इजिप्तचं शस्त्र म्हणून आज जी बाकदार तलवार दाखवली जाते, ती मुळात इजिप्तची नाही. खोपेश आशियातून आली, तिथल्या राजांनी ती आधी मिरवली आणि इजिप्तने ती उशिरा उचलली. पण उचलली ती अशी, की पुढची हजार-दीड हजार वर्षं देवळांच्या भिंतींवर प्रत्यक्ष देव ती राजाच्या हाती देताना कोरला गेला. संग्राहकांसाठी पोलादात घडवलेल्या, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या खोपेश याच भिंतींवरून उतरल्या आहेत. खणून काढलेल्या मूळ तलवारींशी त्यांचं नातं बरंच दूरचं आहे.

सुरुवात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या परिसरात होते. तिथल्या लगाश शहराचा राजा एआन्नातुम याने शेजारच्या उम्मा शहरावर मिळवलेल्या विजयाचं स्मारक म्हणून इ.स.पू. २४५०च्या सुमारास एक शिळा कोरून घेतली. प्रेतांचे लचके तोडणारी गिधाडं तिच्यावर आहेत, म्हणून ती ‘गिधाडांची शिळा’ म्हणून ओळखली जाते. तिचे तुकडे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. या शिळेवर एआन्नातुमच्या हातात एक वाकडं शस्त्र दिसतं. खोपेशच्या घराण्याचा आपल्याला माहीत असलेला हा सर्वांत जुना पुरावा. इजिप्तमध्ये तेव्हा पिरॅमिड बांधणाऱ्या राजांचा काळ चालू होता आणि तिथल्या राजाच्या हातात गदाच होती.

पुढचा ठळक टप्पा लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या बिब्लोसचा. १९२२च्या सुरुवातीला तिथे समुद्राकडेचा कडा ढासळला आणि एक राजथडगं उघडं पडलं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते यांनी तिथल्या राजथडग्यांचं उत्खनन केलं. अबिशेमू आणि त्याचा मुलगा इप-शेमू-अबी या इ.स.पू. १८००च्या आसपासच्या राजांच्या थडग्यांत बाकदार तलवारी मिळाल्या. इप-शेमू-अबीच्या तलवारीवर सोन्याने जडवलेला फणा काढलेला नाग आहे आणि राजाचं नाव इजिप्शियन चित्रलिपीत आहे. शस्त्र आशियाई घडणीचं, नक्षी आणि अक्षरं इजिप्तची. देवदाराच्या लाकडासाठी इजिप्त बिब्लोसवर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून होता, त्या व्यापारातून किती काय इकडचं तिकडे गेलं याचा याहून चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तुतानखामूनचं थडगं उघडलं आणि बिब्लोसची बातमी मागे पडली, हा तिच्यावर झालेला अन्यायच म्हणायला हवा.

इजिप्तमध्ये राजाने शत्रूचे केस एका मुठीत धरून दुसऱ्या हाताने प्रहार करायचा, हे चित्र फार जुनं. इ.स.पू. ३१००च्या सुमाराच्या नार्मेर राजाच्या दगडी पाटीवर ते पहिल्यांदा पूर्ण रूपात दिसतं, तेही गदेसह. घोड्यांचा रथ, लाकूड-शिंग-स्नायू जोडून केलेलं संयुक्त धनुष्य ही सामग्री आशियाशी आलेल्या संबंधांतून, हिक्सोस या आशियाई मूळच्या राजांच्या राजवटीच्या आगेमागे, इजिप्तमध्ये रुजली. खोपेशही त्याच वाटेने आली. इ.स.पू. १५५०नंतरच्या नव्या साम्राज्याच्या काळात ती राजाच्या त्या उगारलेल्या हातात दिसू लागली. गदा हद्दपार झाली नाही, दोन्ही शेजारी नांदल्या. ज्या आशियाई शत्रूवर राजा प्रहार करतो आहे, त्याच्याच मुलखातलं शस्त्र त्याच्या डोक्यावर आहे, यात कुणा इजिप्शियनाला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही.

आता तलवार जवळून पाहू. मुठीपासून पातं थोडं सरळ जातं, मग बाहेरच्या बाजूने फुगीर कमान घेतं आणि टोकाशी पुन्हा किंचित वळतं. पहिल्या नजरेला कोयता आठवतो आणि तिथेच फसगत होते: कोयत्याची धार आतल्या, वळणाच्या बाजूला असते, खोपेशची बाहेरच्या फुगीर बाजूला. म्हणजे ती ओढून कापायची नाही, हाणायची. तिचं काम कुऱ्हाडीसारखं, फक्त कुऱ्हाडीचं डोकं दांड्यापासून निसटू शकतं आणि इथे पातं व मूठ एकाच ओतकामातून निघालेली असतात. मुठीच्या दोन्ही कडा उचललेल्या असत. मधल्या खोबणीत लाकूड किंवा हस्तिदंत बसवून पकड केली जाई. आतली बाजू आणि टोकाचा आकडा शत्रूची ढाल ओढण्यासाठी होता, असं विक्रेते ठामपणे सांगतात. आकड्याने ढाल ओढता येईलही. पण देवळांच्या भिंतींवर खोपेशचं नेहमीचं काम एकच, वरून खाली येणारा घाव.

हे ओतकाम कसं चाले, त्याचं चित्र थेब्जच्या डोंगरातल्या रेखमिरेच्या थडग्यात आहे. रेखमिरे हा तिसऱ्या थुतमोसचा वजीर. इ.स.पू. १४५०च्या आसपासच्या या भिंतीवर कामगार कातड्याने मढवलेल्या दोन भात्यांवर पाय देऊन उभे आहेत. एक पाय दाबला की हवा भट्टीत जाते, दुसऱ्या पायाखालचा भाता हातातल्या दोरीने ओढून फुगवायचा, मग पाय बदलायचे. पुढे दोघे जण लवचीक काठ्यांच्या मध्ये तापलेली मूस धरून उचलतात आणि साच्याच्या तोंडांत धातू ओततात. तिथे ओतला जाणारा ऐवज देवळाच्या दारांसाठी आहे, तलवारीसाठी नाही, पण भट्टी, भाते आणि मूस तीच.

तांब्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील मिसळलं की कामाचं कांस्य तयार होतं. ओतून निघालेलं पातं मात्र तसंच वापरायचं नसतं. धारेची बाजू थंड अवस्थेत हातोडीने ठोकत नेली की धातू दाटतो आणि कडक होतो. पोलादासारखं तापवून पाण्यात बुडवून ते कडक होत नाही, उलट नरम पडतं. इथे सगळी भिस्त हातोडीवर. कच्च्या मालाची वाहतूक केवढी होती, ते तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत १९८२मध्ये सापडलेल्या उलुबुरून इथल्या बुडालेल्या जहाजावरून कळतं. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या या एका जहाजात सुमारे १० टन तांबं आणि १ टन कथील होतं. शिवाय नेफेर्तिती राणीच्या नावाचा, भुंग्याच्या आकाराचा सोन्याचा ताईतही त्यात मिळाला.

प्रत्यक्ष खोपेशची सर्वांत प्रसिद्ध जोडी तुतानखामूनची. हॉवर्ड कार्टर यांनी थडग्यातली जोडखोली १९२७-२८च्या हंगामात रिकामी केली. तिथल्या पसाऱ्यात दोन कांस्य खोपेश होत्या: एक साधारण ६० सेंटिमीटरची, दुसरी ४० सेंटिमीटरच्या आसपास. हा राजा आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर आला आणि विशीच्या आत गेला. धाकटी तलवार पोरवयाच्या हाताला बेताचीच आहे. त्याच खोलीतल्या समारंभाच्या एका ढालीवर तो सिंहाला शेपटीने उचलून धरतो आहे आणि दुसऱ्या हातात खोपेश उगारलेली आहे. सिंहाची शेपूट धरणारा राजा काही खरा शिकारी नव्हे, तो एक ठरलेला आविर्भाव. बऱ्याच जुन्या खोपेशना धार कधी लावलेलीच नाही, याचा उलगडाही इथेच होतो. त्या मारण्यासाठी नव्हत्या, हातात दिसण्यासाठी होत्या.

म्हणून ती सैन्यात नव्हतीच असं मात्र नाही. मेदिनेत हाबू इथल्या तिसऱ्या रामसेसच्या देवळात शस्त्रवाटपाचा एक प्रसंग कोरलेला आहे. राजा उंचावर उभा आहे, समोर शिरस्त्राणं, धनुष्यं, बाणांचे भाते आणि खोपेश यांचे ढीग लागलेले आहेत, सैनिक रांगेने घेत आहेत आणि कारकून प्रत्येक वस्तूची नोंद करत आहेत. इजिप्तच्या लढायांचा मुख्य भार धनुष्य, भाला आणि कुऱ्हाड यांच्यावर होता. खोपेश त्यांच्या जोडीला असे. पण त्याच देवळाच्या दर्शनी मनोऱ्यावर आमोन देव राजापुढे खोपेश धरतो, तेव्हा ढिगातली ती वस्तू वेगळीच होऊन जाते. तिसऱ्या रामसेसच्या आधीच्या मेरनेप्ताह राजाने तर लिबियनांशी लढण्यापूर्वी स्वप्नात पडलेल्या प्ताह देवाकडून तलवार घेतल्याचं कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर लिहवून घेतलं. घे आणि मनातली भीती टाकून दे, असं देवाने सांगितल्याचं त्यात आहे.

आजच्या उत्तर इराकमधल्या असुरिया राज्यातही हाच प्रकार. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अदाद-निरारी पहिला या राजाची बाकदार कांस्य तलवार आहे. इ.स.पू. १३००च्या मागेपुढची, ५४.३ सेंटिमीटर लांब, तीन ठिकाणी राजाचा तोच मजकूर कोरलेली. ती हाताळली तर फार जपून हाताळली असणार.

इ.स.पू. १२००च्या सुमारास पूर्व भूमध्य समुद्राभोवतालची राज्यं एकामागून एक कोसळली आणि त्याच काळात लांब, सरळ, दोन्ही कडांना धार असलेल्या तलवारी पसरल्या. भोसकता येईल आणि कापताही येईल अशा त्या होत्या. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित शहरात मेरनेप्ताहचं नाव असलेली सरळ कांस्य तलवार मिळाली आहे. २०२४मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला, तेल अल-अबकैन इथल्या किल्ल्यात दुसऱ्या रामसेसच्या नावाची लांब कांस्य तलवार सापडली, तीही सरळच. म्हणजे ज्या राजांना आपण खोपेशसह ओळखतो, त्यांच्याच नावाने सरळ तलवारीही घडत होत्या.

शस्त्र म्हणून खोपेश मागे पडली, चित्र म्हणून मुळीच नाही. इ.स.पू. १९६चा रोझेटा दगड चित्रलिपीच्या उलगड्यामुळे सगळ्यांना माहीत असतो, त्यातला मजकूर फारसा कुणी वाचत नाही. पाचव्या टॉलेमीचे पुतळे देवळादेवळांत उभारावेत आणि तिथला मुख्य देव त्याला विजयाचं शस्त्र देताना दाखवावा, असा पुरोहितांचा ठराव त्यात आहे. राजघराणं ग्रीक, सैन्याच्या हाती मॅसिडोनियन लांब भाले, आणि देवाच्या हातात अजूनही खोपेश. क्लिओपात्राच्या काळात घडणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये खोपेश फिरवणारे वीर पाहून जाणकार नाकं मुरडतात. लढाईच्या दृष्टीने ते हजारभर वर्षं उशिरा आले आहेत हे खरं, पण त्या काळच्या देवळात उभं राहून वर पाहिलं असतं तर तीच तलवार दिसली असती.

आजच्या प्रतिकृतींची मोठी बाजारपेठ उभी राहिली ती चित्रपट, काल्पनिक युद्धांचे खेळ आणि वेशभूषेच्या हौशीमुळे. तिचा भारताशी सरळ संबंध आहे. युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जुन्या धर्तीच्या तलवारींचा मोठा वाटा डेहराडून आणि मेरठच्या कारखान्यांतून जातो. डेहराडूनचा या क्षेत्रातला जुना कारखाना १९४३मध्ये गोरखा पलटणींसाठी खुकऱ्या बनवत सुरू झाला होता. रोमन शिरस्त्राणं, मध्ययुगीन चिलखतं यांच्या यादीत खोपेशही असते, पोलादाची आणि बहुधा काळ्या-सोनेरी रंगात.

या पोलादी प्रतिकृतींची मुख्य खोट लांबीत. भिंतीवर राजा सामान्य माणसाच्या कित्येक पट उंच कोरलेला असतो आणि त्याची तलवारही तशीच थोराड. तेच प्रमाण डोक्यात ठेवलं की ७५-८० सेंटिमीटरची खोपेश तयार होते. टोकाचा आकडा वाढवला जातो, कधी आतल्या बाजूलाही धार लावतात. आणि एकसंध ओतीव मुठीऐवजी पोलादाच्या पट्टीवर दोन फळ्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात. भिंतीवर लटकवायची असेल तर यातलं काहीच बिघडत नाही. मात्र ‘संग्रहालयाबरहुकूम’ असं लिहून विकली जाते तेव्हा लांबी आणि धारेची बाजू एवढं पाहिलं तरी पुरतं. ‘कांस्य’ म्हणून मिळणारी शोभेची वस्तू पुष्कळदा पितळेची असते. तिच्यात कथिलाऐवजी जस्त असतं आणि ती अधिक पिवळी दिसते.

दुसरीकडे ब्रिटन आणि युरोपात काही मोजके कारागीर जुन्या तलवारींची मापं घेऊन कथील-कांस्यात पाती ओततात आणि धार हातोडीने ठोकून काढतात. ठोकलेली कड ओतीव धातूच्या दुपटीच्या आसपास कडक होते, पातं जोराच्या घावाने तुटण्याआधी वाकतं आणि वाकलेलं पुन्हा सरळ करता येतं. हे हाताळून पाहिल्यावर जाड, वजनदार पाठ आणि आखूड लांबी यांचं कारणही समजतं. कांस्यात फार लांब, पातळ आणि बाकदार पातं टिकवणं अवघड.

भारतात यातली एखादी मागवायची तर १९५९चा शस्त्र कायदा आडवा येऊ शकतो, कारण धारदार तलवारी त्याच्या कक्षेत येतात. हौशीपुरती हवी असेल तर बोथट प्रत बरी, पैसे भरण्याआधी स्थानिक पोलिसांकडे नियम विचारून घ्यावेत.