अल्पसंख्याक लोकप्रतिनिधी आणि मतदारसंघाची लोकसंख्या (ठाणे जिल्हा)

एखाद्या धर्माचा, भाषेचा किंवा जातगटाचा माणूस निवडून येतो तेव्हा त्याच्या मतदारसंघात त्याच समाजाची मतं किती, हा हिशोब म्हणजे हा विषय. सरधोपट समज असा की जिथे ज्यांची वस्ती जास्त तिथे त्यांचाच आमदार. ठाणे जिल्ह्यातल्या १८ विधानसभा जागा बघितल्या तर हा समज दर दोन स्टेशनांवर मोडतो.

आधी कायद्याचं. राखीव जागा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींना, राज्यात २८८ पैकी अनुक्रमे २९ आणि २५. ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि भिवंडी ग्रामीण जमातींसाठी, अंबरनाथ जातींसाठी. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना असं काही नाही, त्यांनी खुल्या जागेवर लढायचं. २०११च्या जनगणनेत राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के, आणि २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा विधानसभेत मुस्लिम आमदार १०, म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाही.

आता गंमत अशी की कुठल्या मतदारसंघात कोण किती हे अधिकृतपणे कुठेच छापलेलं नसतं. मतदार यादीत धर्म-जातीचा रकाना नाही आणि जनगणनेचे धर्माचे आकडे विधानसभेच्या हद्दीप्रमाणे येत नाहीत. म्हणून कार्यकर्ते यादी घेऊन बसतात आणि आडनावं वाचत बूथ रंगवतात, शेख-अन्सारी एका रंगात, पाटील-म्हात्रे दुसऱ्या, यादव-मिश्रा तिसऱ्या. पेपरात येणारे टक्के बरेचदा अशाच हिशोबातून आलेले असतात, त्यामुळे ते हातचे राखूनच वाचावेत.

सगळ्यात चर्चेतलं उदाहरण मुंब्रा-कळवा. २००८च्या फेररचनेत हा मतदारसंघ झाला. कौशात जुनी कोकणी मुस्लिम वस्ती होतीच, पण मुंब्रा फुगलं ते १९९२-९३च्या दंगलींनंतर, मुंबईतून घर सोडून आलेल्या मुस्लिम कुटुंबांमुळे. पारसिकच्या डोंगराच्या अलीकडे कळवा, तिथे मराठी, आगरी, उत्तर भारतीय असा सगळा मेळ. आणि २००९पासून सलग चार वेळा निवडून आलेत राष्ट्रवादीचे (२०२४ला शरद पवार गट) जितेंद्र आव्हाड, जे हिंदू वंजारी समाजातले. २०२४ला समोर अजित पवार गटाचे नजीब मुल्ला होते, म्हणजे मुस्लिम उमेदवार, ते पण त्याच राष्ट्रवादीतून फुटलेल्या बाजूचे, तरी आव्हाड सुमारे ९६ हजारांनी जिंकले. नुसतं 'आपला माणूस' एवढ्यावर मत पडत असतं तर हे झालंच नसतं. मुंब्र्यातल्या मतदाराने भाजपला कोण अडवेल हे आधी बघितलं, असं म्हणायला बरीच जागा आहे.

भिवंडीत उलटं. शहर यंत्रमागांचं, मोमीन-अन्सारी विणकर आणि तेलुगू पद्मशाली अशी कारागिरांची वस्ती, शहरात मुस्लिम बहुसंख्य. पण भिवंडी पश्चिममधून २०१४पासून भाजपचे महेश चौघुले तीन वेळा आले. कारण मतविभागणी. २०२४ला समाजवादीचे रियाज आझमी, एमआयएमचे वारिस पठाण आणि आघाडीकडून काँग्रेसचे दयानंद चोरघे असे सगळे एकाच वेळी मैदानात, मग काय व्हायचं तेच झालं. शेजारच्या भिवंडी पूर्वमध्ये मात्र समाजवादीचे रईस शेख, २०१९ला दीड हजाराच्या आतल्या फरकाने आणि २०२४ला पन्नास हजारांवर. जिल्ह्यातला सध्याचा एकमेव मुस्लिम आमदार हाच. याच भिवंडी पूर्वमधून २००९ला अबू आझमी जिंकले, त्यांनी जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा शिवसेनेच्या रूपेश म्हात्रेंकडून पडला.

उल्हासनगरमध्ये सरधोपट समज बरोबर ठरतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांमधून उभं राहिलेलं शहर, आणि पप्पू कलानी, ज्योती कलानी, कुमार आयलानी असे आमदार. मिरा-भाईंदरला २००९मध्ये राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा आले, ख्रिश्चन, आणि ख्रिश्चनांची वस्ती प्रामुख्याने उत्तनसारख्या जुन्या गावांत. पुढे तिथे नरेंद्र मेहता, गीता जैन आले.

बाहेरच्या देशात तर हा प्रकार आपल्याच माणसाने सुरुवातीलाच दाखवला होता. दादाभाई नौरोजी १८९२मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून खासदार झाले, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी, आणि तिथे पारशी मतदार असणार तरी किती. ऋषी सुनक यांचा यॉर्कशायरमधला मतदारसंघ पण बहुतेक गोऱ्या, ग्रामीण मतदारांचा.

नवी मुंबईतली गोष्ट या सगळ्यापेक्षा वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यात रोचक. आगरी-कोळी इथले मूळचे, १९७०मध्ये शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आली, जमिनी गेल्या, नोडमध्ये (सिडकोने आखलेल्या वसाहतींत) पश्चिम महाराष्ट्र, दक्षिण, उत्तर सगळीकडून लोक आले आणि भूमिपुत्र स्वतःच्याच गावात संख्येने कमी झाले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या १९८४च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, जमीन गेलेल्यांना विकसित जमीन परत देणारी साडेबारा टक्क्यांची योजना त्या लढ्यातून आली. संख्या घटली पण गावठाण, गावकी, नातीगोती हे जाळं राहिलं, आणि सोसायटीतला मतदार गावाकडच्या मतदारसंघात नाव ठेवून बसतो किंवा मतदानाच्या दिवशी सुट्टी साजरी करतो. त्यामुळे ऐरोलीत २००९पासून बोनकोडे गावचं नाईक घराणंच, आधी संदीप नाईक आणि मग गणेश नाईक. बेलापूरला २०२४मध्ये मंदा म्हात्रे विरुद्ध संदीप नाईक अशी लढत झाली, दोघंही आगरी-कोळी समाजातले, आणि म्हात्रे फक्त ३७७ मतांनी वाचल्या.