हर्नियाच्या जाळीचा त्रास : सरकारी नोंद कोणी, कशी आणि कोणत्या कागदांसह करावी

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेवर बसवलेली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी, म्हणजेच मेश, बहुतेकांच्या शरीरात विनातक्रार राहते. मात्र काही रुग्णांना जंतुसंसर्ग, जांघेतील न थांबणारी वेदना, जाळी सरकणे किंवा आतडे तिला चिकटणे असा त्रास होतो आणि तो कधी कधी काही वर्षांनी डोके वर काढतो. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अशा अपायांची नोंद घेण्यासाठी ६ जुलै २०१५ रोजी भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला असून, त्याचे काम औषधांची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतून, म्हणजे गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालते.

ही नोंद केवळ डॉक्टरांनीच करावी असे नाही. परिचारिका, रुग्णालयातील तंत्रज्ञ आणि स्वतः रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही ती करू शकतात. दोष जाळीचाच होता हे आधी सिद्ध करण्याची गरज नसून रास्त शंका पुरेशी आहे. रुग्णाची ओळख गोपनीय ठेवली जाते.

या नोंदीसाठीच्या अर्जात रुग्णाचे वय व लिंग, शस्त्रक्रियेची तारीख, त्रास कधी व कसा सुरू झाला, त्यावर कोणते उपचार झाले आणि जाळीचा तपशील ही माहिती लागते. खरी अडचण येते ती शेवटच्या मुद्द्यावर. जाळीच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, बॅच किंवा लॉट क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. वेष्टनासोबत आलेले स्टिकर अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या नोंदीवर चिकटवतात, परंतु डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा ‘मेश बसवली’ एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावरून ती जाळी कोणत्या बॅचची होती हे कळत नाही आणि त्याच बॅचच्या जाळ्या बसवलेल्या इतर रुग्णांचा माग काढणेही कठीण होते.

वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत देणे बंधनकारक आहे, पण आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचेच आहे. त्रास त्यानंतरही उद्भवू शकत असल्यामुळे, तो नसतानाही घरी जातानाच शस्त्रक्रियेच्या नोंदीची आणि स्टिकरची प्रत मागून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

भरलेला अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात या कार्यक्रमाचे नोंदणी केंद्र असल्यास तेथे द्यावा किंवा कमिशनकडे पाठवावा. मार्गदर्शनासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. जाळी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया होणार असेल, तर काढलेली जाळी जैववैद्यकीय कचऱ्यात न टाकता तपासणीसाठी जपून ठेवावी, अशी विनंती सर्जनना आधीच लेखी करावी, कारण उपकरण तपासणीसाठी उपलब्ध आहे का, हेही अर्जात विचारलेले असते. पोटात तीव्र वेदना, उलट्या किंवा आत न जाणारी कडक गाठ असेल, तर मात्र अर्ज बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

या नोंदीतून नुकसानभरपाई मिळत नाही. ती हवी असल्यास ग्राहक आयोगाकडे स्वतंत्र तक्रार करावी लागते आणि तिची मुदत साधारणपणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची असते.