खोली नसलेल्या जोडप्याचे इंदूर

लक्ष्मण उतेकर यांचा ‘जरा हटके जरा बचके’ २ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. विकी कौशल आणि सारा अली खान यांनी रंगवलेले कपिल आणि सौम्या हे इंदूरचे जोडपे. घर माणसांनी भरलेले, दोघांना निवांत बोलायलाही जागा नाही. सरकारी योजनेतले घर मिळावे म्हणून ते खोट्या घटस्फोटाचा घाट घालतात. कथा इंदूरची, आणि चित्रीकरणही इंदुरातच झाले. मला हे अगदी योग्य वाटते, कारण घर पुरत नाही ही या शहराची फार जुनी गोष्ट आहे.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर हरले, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि १८१८ साली राजधानी इंदुरात आली. दरबारापाठोपाठ कारकून, शिलेदार, वैद्य, भिक्षुक आले. राजवाड्याच्या आसपास ओसरी, चौक, माजघर, माडी अशा बेताचे वाडे उठले. पुढे पिढ्या वाढल्या, वाटण्या झाल्या, भिंती मात्र तेवढ्याच राहिल्या. आमच्या घरी रात्री माजघरात ओळीने गाद्या पडत. काकाचे लग्न ठरले तेव्हा माडीवरची अडगळीची खोली रिकामी केली, पण तिकडे जाणारा जिना आजीच्या उशाशीच होता.

खुद्द राजवाड्यालाही स्वस्थता लाभली नाही. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तो जळाला. पुढे होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या काळात पुन्हा उभा राहिला. १९८४च्या दंगलीत परत आग लागली. दर्शनी भाग वाचला, मागची बाजू मात्र नव्याने बांधावी लागली.

या दाटीचा खोलवर विचार केला तो स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी. प्लेगने हैराण झालेल्या दरबाराने त्यांना बोलावले होते. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. गल्ल्या सरसकट पाडू नका, अडेल तेवढेच काढा, हवा-उजेड येऊ द्या, हा त्यांचा आग्रह. दिवाळीत त्यांनी शहरभर मिरवणूक काढली आणि शेवटी प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळला. लोकांनी ज्या हौसेने घरे-रस्ते झाडून काढले, ते वाचताना आजही ऊर भरून येतो.

कॅमेरा इंदूरवर इतका रेंगाळला, हे तसे अलीकडचे. पूर्वी मोठी पथके इथून पुढे महेश्वरच्या घाटावर जात. ‘पॅडमॅन’चे चित्रीकरण तिथलेच. २०२० मध्ये मध्य प्रदेशाने चित्रपट पर्यटन धोरण आणले आणि राज्यात चित्रीकरण करणाऱ्यांना अनुदान देऊ केले. उतेकर मात्र त्याआधीच या बाजूला वळले होते. २०१९च्या त्यांच्या ‘लुका छुपी’तले जोडपे लग्नाआधी एकत्र राहायला भाड्याचे घर घेते ते ग्वाल्हेरात. आधी शिंद्यांची राजधानी, मग होळकरांची, आणि दोन्हीकडे गोष्ट चार भिंतींची.

राजवाड्यामागच्या गल्लीत अजून काही वाडे तग धरून आहेत. एकाच दिंडी दरवाजाच्या आत भिंतीवर विजेचे सहा मीटर लावलेले दिसतात, प्रत्येकावर खडूने लिहिलेले वेगळे नाव आणि सगळ्यांचे आडनाव एकच.