सेटिंग यंत्राची की माणसाची?

जळगावातील एका कार्यालयात एकाच संगणकावर दोन टंकलेखक पाळीपाळीने काम करतात. सकाळी बसणाऱ्या बाई टाइपरायटरवर शिकलेल्या असल्यामुळे त्यांना रेमिंग्टन कळफलक लागतो, तर दुपारी येणारा तरुण इन्स्क्रिप्ट या वेगळ्या मांडणीच्या कळफलकावर टाइप करतो. लॉगिन दोघांचे एकच आहे. त्यामुळे दुपारच्या पहिल्या ओळीत ‘क’च्या जागी हटकून भलतेच अक्षर उमटते, आणि मग सेटिंग बदलण्याचा रोजचा कार्यक्रम पार पडतो. ज्याच्या त्याच्या सेटिंग वेगळ्या ठेवणे हे या अडचणीवरचे उत्तर पर्सनल कॉम्प्युटरच्या आधीचे आहे. मधल्या काळात ते हरवले आणि पुन्हा शोधावे लागले.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेक जणांत वाटून देणारी ही प्रणाली होती. पुढे तिच्यात प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड आणि स्वतःच्या फाइली मिळाल्या. त्याच यंत्रासाठी लुई पूझँ यांनी ‘रनकॉम’ हा प्रोग्राम लिहिला. नेहमीच्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि ती फाइल चालवायची, एवढेच त्याचे काम. युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगात सेटिंगच्या फाइलींच्या नावाअखेर आजही जे ‘आरसी’ दिसते, ते या रनकॉमचेच संक्षिप्त रूप आहे.

अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्सने या कल्पनेला घर दिले. सर्वांना लागू असलेल्या सेटिंग ‘ईटीसी’ या सामाईक फोल्डरमध्ये आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या सेटिंग त्याच्या होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींत राहू लागल्या. या फाइली लपतात हा मुळात योगायोग होता. बेल लॅब्समध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी सांगितल्याप्रमाणे, फाइलींची यादी दाखवताना एक टिंब (हाच फोल्डर) आणि दोन टिंबे (वरचा फोल्डर) या दोन खास नोंदी वगळायच्या होत्या. आळसाने केवळ पहिले अक्षर तपासले गेले आणि टिंबाने सुरू होणारे सगळेच दृष्टीआड झाले.

महत्त्वाचा होता तो वाचनाचा क्रम. आधी सामाईक फाइल वाचली जाई, नंतर वैयक्तिक, आणि जे नंतर वाचले तेच लागू होई. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी चालत आलेल्या फड या सामायिक सिंचनाच्या पद्धतीत फडातले पीक सर्वांनी मिळून ठरते आणि आपापली पट्टी ज्याची त्याने कसायची असते. युनिक्सची मांडणी काहीशी तशीच, फक्त येथे आपल्या पट्टीपुरते पीकही बदलता येते. सेटिंग पूर्ववत करायचे काम त्यामुळे फार सोपे झाले. बिघडलेली वैयक्तिक फाइल काढून टाकली की खालची सामाईक सेटिंग आपोआप वर येते, आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीने हे सारे बाजूला ठेवले. यंत्र एकाचेच, तेव्हा सेटिंग कोणाची हा प्रश्नच नव्हता. विंडोज ३च्या काळात ‘विन डॉट आयएनआय’ या एकाच फाइलमध्ये वाटेल तो प्रोग्राम आपल्या ओळी घालू लागला. त्या फाइलला ६४ केबीची मर्यादा होती आणि प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या ओळी बऱ्याचदा मागे राहत.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आले तेव्हा यंत्राची आणि वापरकर्त्याची अशा दोन वेगळ्या शाखा असलेली रजिस्ट्री, म्हणजे सेटिंगची नोंदवही, त्यात होती. विंडोज ९५नेही रजिस्ट्रीचा तोच मार्ग धरला, पण घरगुती यंत्रावर लॉगिनच्या चौकटीत एस्केप दाबले तरी आत जाता येत असे, आणि लोक तेच करत. विंडोज ९८ रोज पहिल्यांदा सुरू होताना रजिस्ट्री तपासून तिची प्रत ठेवी, अशा पाच प्रती शिल्लक असत. ही सोय उपयोगी होती. मात्र प्रत परत घेतली की सगळी नोंदवहीच मागच्या दिवसावर जाई, केवळ एका प्रोग्रामच्या सेटिंग निवडून आणता येत नसत. एनटीच्या नेटवर्कवर वापरकर्त्याची प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सेटिंगचा संच, सर्व्हरवर ठेवण्याची सोय होती, पण एकच माणूस दोन यंत्रांवर लॉगिन असला तर शेवटी लॉगआउट झालेल्या यंत्रावरचे बदल टिकत आणि आधीचे पुसले जात.

सर्वांत जास्त घोळ मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या सवयीने घातला. आपल्या सेटिंगची फाइल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवायची ही विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या काळातली रीत बहुतेकांनी सोडली नाही. २००७ मध्ये सर्वांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने त्या फोल्डरमध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्यास मनाई केली, आणि जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरकडे वळवले. मी हे एका अडत दुकानात जवळून पाहिले. मुनीमजींनी बिलाच्या छपाईचा समास नीट बसवला, पण त्याच संगणकावर पोऱ्याच्या लॉगिनमधून बिल सरकलेलेच निघत राहिले. एकाच नावाची फाइल दोघांना वेगवेगळी दिसत होती. पुढे संगणक फॉरमॅट करताना प्रोग्रामच्या फोल्डरचा बॅकअप घेतला गेला, त्यात मुनीमजींची फाइल नव्हतीच, आणि परत आले ते दोन वर्षांपूर्वीचे समास. बॅकअप घेणाऱ्याला मी दोष देत नाही. फाइल तिथे आहे असे त्याला यंत्रच सांगत होते.

प्रोग्राम लिहिण्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या साधनसंचाच्या २००५ सालच्या २.० आवृत्तीत सेटिंग जाहीर करतानाच ती प्रोग्रामची की वापरकर्त्याची हे लिहावे लागे. हा नियम चांगला होता, तरी वापरकर्त्याच्या सेटिंग आवृत्तीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये जात असल्याने, प्रोग्रामरने जुन्या सेटिंग पुढे आणण्याची आज्ञा दिली नाही तर नवी आवृत्ती कोरी पाटी घेऊन सुरू होई. अनेकांनी एकत्र वापरायच्या प्रोग्रामांत सेटिंग डेटाबेसच्या तक्त्यात ठेवण्याची पद्धतही रुळली आहे: वापरकर्ता, सेटिंगचे नाव आणि मूल्य असे तीन रकाने. पहिला रकाना रिकामा असेल तर ती ओळ सर्वांची, असा संकेत ठेवला की युनिक्सचाच जुना क्रम परत येतो, आणि एकट्या माणसाच्या ओळी पुसून त्याला मूळ स्थितीत आणता येते.

२०१२ च्या विंडोज ८ पासून भाषेसह अनेक सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्याबरोबर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ लागल्या. जळगावच्या त्या कार्यालयातील बाईंना आणि त्या तरुणाला एवढेही लागत नाही. दोघांना दोन लॉगिन दिले की कळफलकाची निवड ज्याच्या त्याच्या शाखेत राहील. तूर्तास एकाच लॉगिनचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला आहे, आणि त्याखाली बाईंच्या हस्ताक्षरात कळफलक बदलण्याच्या दोन कळा लिहिलेल्या आहेत.